आज मी गिऱ्हाईक

केस कापायच्या दुकानात आजोबा आपल्या नंबराची वाट पाहत बाकावर बसले होते. एवढ्यात तिथली कारागीर मुलगी आली आणि सरळ त्यांच्या शेजारी येऊन टेकली.

"आलीस? सुटलो बाई! चल, कात्री घे," खुर्चीमागून दुकानाचे मालक म्हणाले.

"मालक, आज माझी साप्ताहिक सुट्टी. मी केस कापून घ्यायला आलेय."

"माझ्याच दुकानात?"

"दुसरीकडे वाट लावतात हो केसांची."

"बरं, बारीक कंगवा कुठं ठेवलास, तेवढं तरी सांग."

"ते सांगणं म्हणजे काम झालं. कामगार कार्यालयातले साहेब काय म्हणाले? आठवड्यातून एक दिवस, भरपगारी. तुम्हीही मान डोलावलीत."

"साहेबांसमोर कोण डोलवणार नाही?"

आजोबांना राहवलं नाही. त्यांनी आपला नंबर तिला देऊन टाकला.

"बसा, बाईसाहेब. कसे कापू?" मालकांनी खुर्ची झटकत विचारलं.

"खांद्यापर्यंत. अय्या, केवढा हलका हात आहे तुमचा!"

"तुला आज कळतंय. इतकी वर्षं या खुर्चीमागं उभा आहे, एक दिवस सुट्टी नाही. मालकाला सुट्टी कुणी द्यायची, ते नाही सांगितलं तुझ्या साहेबांनी."

"माझ्याकडे मागा."

"मागतो. उद्या देतेस?"

"आयत्या वेळी मागायची नाही. गिऱ्हाईकं खोळंबतात."

"अगं, हे तर माझंच बोलणं!"

"मग? तुमच्याच हाताखाली शिकलेय. जा, दिली. उद्या दुकान मी बघते."

कात्री हवेतच थांबवून मालकांनी विचारलं,

"भरपगारी ना?"