वॉचमनचा डब्ल्यू

नाही, असं मी टाइप करणार नाही – हवं तर समोर जिन्याखाली एक जण बसतो त्याच्याकडे जा, तो डोळे मिटून बडवतो. हे बघा ना, हा इंग्रजी अर्ज तुमच्याच हातचा आहे. वाक्याच्या मधोमध साहेब कॅपिटल. मॅनेजर कॅपिटल. त्यांची दया, तीही कॅपिटल. आणि स्वतःला लिहिताना आय – तो तेवढा स्मॉल, वर टिंब देऊन. अहो, इंग्रजीत ‘मी’ कायम कॅपिटल असतो, भीक मागत असला तरी. ती एक गोष्ट त्या भाषेत बरी, आणि तुम्ही नेमकी तीच – शी. आईच्या ऑपरेशनसाठी रजाच मागताय ना? मग कागदावर रांगताय कशाला?

नियम सोपा आहे. वाक्याचं पहिलं अक्षर, माणसाचं नाव, गाव, वार, महिना. हुद्दा नावाच्या आधी चिकटून आला तर कॅपिटल, सुटा असेल तर स्मॉल – मग मालक असो की झाडूवाला. पण पाळतं कोण? एकवीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते मी. तिथे डायरेक्टर कॅपिटल, त्यांची गाडीसुद्धा कॅपिटल, आणि हमाल, फिटर, वॉचमन सगळे स्मॉल. किळस यायची. टाइप करायचे तरी.

माझा थोरला भाऊ तिथेच फाटकावर वॉचमन होता. दादानेच मला टायपिंगला घातलं, त्यानेच शब्द टाकून तिथे चिकटवलं. एका सकाळी रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली – हो, तिथेच, फाटकात. आठवड्याने कामावर गेले तर पहिलं काम काय, त्याच्याच दुखवट्याची नोटीस. मी नाव लिहिलं, नावानंतर सुटा वॉचमन, तरी डब्ल्यू कॅपिटल. चूक होती. मुद्दाम केली. साहेबांनी लाल पेनने डब्ल्यू कापला – ‘बाई, तुम्हाला तरी नियम माहीत हवा’ – आणि मग नावावरच काट मारली. ‘नाव कशाला, उद्या कोणी हाच कागद घेऊन भरपाई मागायला दारात उभं राहील. एक वॉचमन, एवढं पुरे.’ अख्ख्या नोटिशीत दादाच्या वाट्याला एक मोठं अक्षर नाही. साहेबांच्या वाट्याला नऊ. मोजलीत मी.

हलकट माणूस, असं मी सगळ्यांना सांगते. पण त्याने नुसती रेघ मारली हो. दुसरा कागद मशीनवर चढवला तो मी, बोटं माझी – आणि काम कसं, एक चूक नाही.

नंतर वहिनीने ती नोटीस मागून नेली, मुलांसाठी. तिला इंग्रजी येत नाही. म्हणाली, ‘वन्सं, ह्यांचं नाव कुठंय, दाखवा.’ आणि मी – मी साहेबांच्या नावावर बोट ठेवलं. मोठं, ठसठशीत होतं ना. तिने त्यावरून हात फिरवला. अजून कपाटात आहे तो कागद, घडीसुद्धा मोडू देत नाही कोणाला.

असं बघू नका माझ्याकडे. हा घ्या अर्ज, झाला टाइप, आय कॅपिटल केलाय; खाली सही करा आणि निघा – बाहेर माणसं खोळंबलीत.