धोंड्याचं जेवण

हॅलो? हां, बोल आये… अगं, कंपनीत हाय मी. जेवणाची सुट्टी संपत आलीय, पटकन बोल.

…आवाज का असा येतोय तुझा? …बरं, बरं. ईश्वरी जेवली का? …मग काय झालं?

कोण आलं हुतं?

…राजवर्धन? आपल्या घरी? कशाला?

तू बोलावलंस?

थांब. थांब जरा, मशीनचा लय आवाज हाय, मला बाहेर येऊ दे… हां. आता सांग. कशाला बोलावलंस त्याला?

…धोंड्याच्या जेवणाला!

अगं आये, आमची घटस्फोटाची केस चालू हाय! सातारच्या कोर्टात! त्याचं घर सोडून पोरीला घेऊन आले मी, आन् तू त्याला पुरणाचे धोंडे करून घालतीस?

व्हय, अधिक महिना हाय, म्हाईत हाय मला. …तीन वर्सांनी येतो, ते बी म्हाईत हाय. …कागदावर अजून जावईच हाय? हे कुणी सांगितलं तुला? …सुलामावशीनं. म्हंजे आता सुलामावशी आपली वकील!

न्हाई, तू ऐक आदी. मधी बोलू नको. …'पण' नको. ऐक.

मी जज्जसायबांपुढं काय सांगितलंय? ह्यानं मला मारलं, भर गल्लीत हाकलून दिलं. आन् आता त्याचा वकील उठून म्हणंल, बघा, सासरवाडीत पाटावर बसवून ओवाळत्यात, एवढा वाईट असता तर ओवाळला असता का? काय उत्तर देऊ मी? सांग की.

…फोटो? फोटो कुणी काढले? …ज्ञानूकाकानं. आन् स्टेटसला बी ठेवले! अरे देवा… काढायला लाव आदी. आत्ताच्या आत्ता.

आण्णा काय करत हुते तवा? …शेजारी बसून जेवले. …आग्रह बी केला! छान. धन्य हायसा दोघं बी.

…दिवा दिलास का चांदीचा? …घेतला न्हाई? कापडं? …अनारसे बी न्हाई? …का गं, लाज वाटली का त्याला? चला, तेवढं तरी बरं झालं म्हणायचं.

ऐकतीय मी. ऐकतीय, पण आदी माझं संपू दे.

तुला वाटलं असंल, खाऊन-पिऊन मन वळंल त्याचं. कळतंय मला. पण आये, मी एवढी वर्सं दुसरं काय केलं? 'सोनिया, जरा पड खायची' हे तूच सांगायचीस. मी पड खाल्ली. रोज गरम वाढलं. वळलं का?

…रडू नको. अगं, रडतीस कशाला? मी काय परक्यासारखं बोलले? …बरं, झालं ते झालं. मी वकीलबाईंना विचारते काय करायचं ते. डोळं पूस. ईश्वरीकडं दे जरा फोन.

…झोपली? ह्या वेळेला? …मग? …अंगणात? हाक मार की.

आये, पोरीला हाक मार.

…काय? परत बोल. …धोंड्याला आलेला जावई रिकाम्या हातानं जाऊ नये. …व्हय, दिवा त्यानं घेतला न्हाई, सांगितलंस तू. …मग काय मागितलं त्यानं?

…

तू दिलीस?

…एक रात. तिकडच्या आज्जीला भेटवून उद्या आणून सोडतो म्हणाला. आन् तू पोरीची पिशवी भरलीस. …कोर्टानं काय सांगितलंय आये? तिथल्या खोलीत बसून भेटायचं, बाहेर न्यायचं न्हाई. …वाईट वाटलं. बापच हाय शेवटी. …आये, पोरीचा ताबा मागतोय तो! तेवढ्यासाठीच तर भांडतोय!

फोन लावलास त्याला? …बंद.

आन् तू मला हे आत्ता सांगतीस?

…व्हय. …व्हय गं. सांगत हुतीस तू. मीच बोलू दिलं न्हाई.

आण्णांकडं दे. …आण्णा, गाडी कुठल्या रस्त्यानं गेली? …विट्याच्या? म्हंजे सांगलीला, त्याच्या घरीच. तुमी आत्ता पोलीस ठाण्यात जावा. कोर्टाचा हुकूम कपाटात वरच्या कप्प्यात हाय, तो घ्या संगं. …न्हाई आण्णा, भावकीला गोळा करू नका, भांडायला जाऊ नका तिकडं, पोलिसांकडंच जावा. मी वकीलबाईंना फोन करते आन् शिरवळहून निघते, मिळंल त्या गाडीनं.

…काय म्हणतीय ती? …द्या तिच्याकडं.

आये… न्हाई. …न्हाई, रागावले न्हाई. …रागावले हाय, लय रागावले हाय, पण ते नंतर. आता एकच सांग. जाताना रडत हुती का ती?

…

हसत गेली. …पप्पा आले म्हणून. …पुढच्या शीटवर बसली. …वळून बघितलं तरी का तिनं?

…बरं.

ठेव आये. ठेव आता.