कापसावर आलेला पैलवान

या मंडळी, पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. पेटीवाले, सूर नुसता धरून ठेवा. आज देवाच्या दारात मी एक प्रश्न घेऊन आलोय. मळ कशाला म्हणायचं, आणि खूण कशाला म्हणायचं?

हसताय? सोपा वाटला! कोण म्हणालं ते, "घासलं की जातो तो मळ"? वहिनी, तुम्ही? शाब्बास! पण वहिनी, घासलं की खूणही जाते हो! मग घासायच्या आधी ओळखायचं कसं? ऐका तर.

जयसिंगपुरात भूपालअण्णा चौगुले नावाचे गृहस्थ होते. चष्म्याचं दुकान. माणूस सरळ, बोलणं मऊ, पण एक वेड होतं. कसलं? पैलवानांच्या चित्रांचं! जुन्या काळी गुलछडी नावाचा चहा यायचा. त्याच्या पुड्यात एक चित्र निघायचं, पत्त्याएवढं, जाड कागदाचं. त्यावर लंगोट कसलेला, दंड थोपटणारा पैलवान. खाली नाव. चोवीस पैलवानांचा संच. चहा कधीच बंद पडला, पण अण्णा ती चित्रं शोधत फिरायचे. बाजार पालथे घातले, रद्दीची दुकानं उपसली. कुणी म्हणालं, आमच्या माळ्यावर जुनी ट्रंक आहे, की अण्णा शिडी घेऊन हजर!

त्यांची बायको पद्मावती. ती म्हणायची, "जिवंत माणसांच्या लग्नाला जायला तुम्हाला वेळ नाही, आणि मेलेल्या पैलवानांच्या मागं पळताय!"

अण्णांनी तेवीस पैलवान गोळा केले. एक अडला. सिदराम कोळेकर! अण्णांच्या माहितीत हे चित्र अख्ख्या मुलखात एकाच माणसाकडं होतं, इचलकरंजीच्या बापूसाहेब इंगळ्यांकडं. त्यांच्याकडं सिदराम होता, पण बाकीचे नव्हते. अण्णा म्हणायचे, "सिदराम द्या." बापूसाहेब म्हणायचे, "तेवीस द्या!" झालं! वर्षानुवर्षं दोघं आपापल्या कपाटावर बसून. मंडळी, संग्रह कुणी केला म्हणायचा? माणसांनी चित्रांचा, की चित्रांनी माणसांचा?

तर एक दिवस दुकानात एक म्हातारी आली. सोनाबाई. नदीकाठच्या एका खेड्यातली. जवळचं दिसत नव्हतं. अण्णांनी अक्षरांची पाटी पुढं धरली. म्हातारी म्हणाली, "अण्णा, मला अक्षरं चष्म्याशिवायबी येत न्हाईत आन् चष्मा लावूनबी येत न्हाईत!"

आता काय करायचं? अण्णांनी तिच्या डोळ्यावर काच धरली, आणि खणातला एक पैलवान काढून पुढं केला. "मावशी, हे काय दिसतंय?"

"पैलवान हाय की! असल्याच कागदावर माझा बाप हाय. देवघरात."

अण्णांनी हातातली काच खाली ठेवली. "बापाचं नाव?"

"सिदराम."

अहो, त्या दिवशी दुकान दुपारीच बंद! म्हातारीच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, तिला एस्टीत बसवलं, शेजारी अण्णा. तिच्या घरी गेले. कुडाचं घर, कोपऱ्यात देवघर. खंडोबाच्या टाकाशेजारी चित्र उभं केलेलं. आणि कसं? कपाळावर कुंकवाचा हा एवढा थर! दिव्याच्या काजळीनं एक बाजू काळी पडलेली. मधून दोन डोळे आणि मिशी, तेवढंच काय ते दिसत होतं.

"मी आईच्या पोटात हुते, तवाच बाप हिवतापानं गेला," सोनाबाई म्हणाली. "म्या त्येला बघितलाच न्हाई. हेच तोंड बघत मोठी झाले. त्यो आखाड्याला निघाला की आई त्येला कुंकू लावायची. गेल्यावर ती ह्या कागदाला लावाया लागली. आई गेली, आता मी लावते."

अण्णांनी ऐकलं का हो हे? कानांनी ऐकलं. पण डोळे कुठं होते? कागदाच्या चार कोपऱ्यांवर! कोपरे शाबूत आहेत, कागद दुमडलेला नाही, एवढंच मनात. ते म्हणाले, "मावशी, मला चार दिवस द्या. फोटोवाल्याकडून मोठा करून आणतो. भिंतीला लावा. आणि हेही परत देतो."

मनात काळं होतं का? नव्हतं, मंडळी! देणारच होते ते. त्यांना वाटलं, आपल्याला निदान एक फोटो मिळेल, म्हातारीलाही मोठा बाप मिळेल. सोनाबाईनं चित्र धुवट फडक्यात गुंडाळून दिलं. दारापर्यंत आली. म्हणाली, "बापाला कधी घराबाहेर धाडला न्हाई म्या. जपून न्या."

घरी आले. चित्र टेबलावर ठेवलं. वाटलं, असा माखलेला फोटो काय काढायचा? जरा स्वच्छ करू, मूळ रूप येऊ दे! पद्मावती म्हणाली, "अहो, आधी फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा."

"तुला त्यातलं काय कळतंय? रोज शंभर काचा पुसतो मी!"

बघा! बायको कधी बरोबर असते, तर नेमकी अशा वेळी. आणि नवरा कधी ऐकत नाही, तर नेमकं अशाच वेळी!

अण्णांनी काचा पुसायचं स्पिरिट घेतलं. कापसाचा बोळा भिजवला. कपाळावरून अलगद फिरवला. कुंकू निघालं! वा! खालचं कपाळ दिसलं. हुरूप आला. आणखी एक हात. काजळी निघाली. आणखी एक... आणि बोळ्यावर काळी रेघ आली. ही कसली? ही मिशी! अण्णांनी हात मागं घेतला, पण स्पिरिट कागदात मुरलं होतं. बघता बघता डोळे विरघळले, गाल विरघळले. दंड राहिले, लंगोट राहिला, नाव राहिलं. तोंड गेलं! पैलवान कापसावर आला!

अहो, जो पैलवान आखाड्यात कुणाला पाठीवर पाडता आला नाही, तो एका कापसाच्या बोळ्यानं पाडला!

अण्णा जेवले नाहीत. पद्मावतीनं एक शब्द उणा काढला नाही. शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "जाऊन सांगा. फोटोवाल्यानं हरवलं, असलं काही सांगू नका."

हे तिला कसं कळलं? कारण अण्णांच्या मनात अगदी तेच चाललं होतं!

सकाळी गेले. फडकं सोडलं. काय घडलं ते सगळं सांगितलं. सोनाबाईनं चित्र हातात घेतलं. उजेडाला धरलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "पुसलासा कशापायी? घाण न्हवती ती. माझ्या आईचं बोट हुतं त्यात."

 

तिनं तो बिनतोंडाचा कागद पुन्हा टाकाशेजारी उभा केला. बोट करंड्यात बुडवलं, आणि जिथं कपाळ होतं तिथं अंदाजानं टेकवलं. अण्णांना ते बघवेना. तसेच उठले, घरी आले, कपाट उघडलं, तेवीसच्या तेवीस पैलवान एका डब्यात भरले आणि इचलकरंजीची गाडी धरली.

बापूसाहेबांनी डबा बघितला. "चौगुले, आज काय झालं तुम्हाला?"

"काही नाही. सिदराम द्या."

बापूसाहेब हुशार! डबा आधी ओढून घेतला, मग काचेच्या आतून चित्र काढून दिलं. कोरं करकरीत! जसं काही आत्ताच चहाच्या पुड्यातून निघालं.

आता गाडीत बसलेत अण्णा. खिशात सिदराम. ज्याच्यासाठी आयुष्य झिजवलं, तो छातीशी! आणि मन कसलं असतं बघा. मन म्हणालं, "भूपाल, म्हातारीनं तर कागद परत देवघरात ठेवला. तिचं भागलंय. तेवीस गेले, आता हा एक तरी ठेव." खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? मोठ्यानं नको, आपापल्या मनात सांगा. जयसिंगपूरचा स्टँड आला. अण्णा अर्धे उठले... आणि परत बसले. कंडक्टरला म्हणाले, "पुढचं तिकीट द्या."

सोनाबाई चुलीपुढं होती. अण्णांनी चित्र तिच्या हातात ठेवलं. म्हातारी बघत राहिली. मग तिचं बोट हळूच चित्राच्या कडेला गेलं. "अण्णा, ह्यो कान बघा!"

बघतात तर सिदरामचा डावा कान चुरगळलेला, कुस्तीत मोडलेला! देवघरातल्या चित्रात ती बाजू काजळीखाली गेली होती.

"आई सांगायची," सोनाबाई म्हणाली, "तुझ्या बापाचा कान मोडला हुता, रातीला त्या कुशीवर झोपायचा न्हाई. मला वाटायचं, आई माझं मन रमवाया सांगतीया. खरंच मोडला हुता की वो!" आणि आता म्हातारी रडली. हसत हसत रडली.

मग उठली. करंडा काढला. बोट बुडवलं.

अहो, कोरं करकरीत चित्र! मुलखात दुसरं नाही! त्यावर कुंकू? हात पुढं झालाच होता त्यांचा. म्हातारीनं मान वळवून विचारलं, "लावू न्हवं?"

अण्णांनी तो पुढं झालेला हात दुसऱ्या हातात धरला. म्हणाले, "लावा, मावशी. आई लावायची तिथंच लावा."

मंडळी, आख्यान इथं संपलं. आता माझा रोख तुमच्याकडं! तुम्ही कुणी नाणी जमवता, कुणी तिकिटं, कुणी जुनी भांडी. जमवा, खुशाल जमवा. पण बोळा भिजवायच्या आधी एकदा विचारा, हा डाग कुणाच्या बोटाचा? आणि जे काहीच जमवत नाहीत, त्यांनी हसू नये! तुमच्या घरात आई आहे ना? चारचौघांत तिचं बोलणं दुरुस्त करता, "अगं, तसं नाही, असं म्हण" म्हणता. कोण रे तो मागं खाली बघतोय? बघ, बघ, लाज वाटायची ती इथंच वाटून घे बाबा. देवाच्या पायरीकडं बघा, मधोमध झिजलीय. त्या झिजलेल्या दगडात किती जणांची पावलं आहेत! ती उखडून तिथं चकचकीत फरशी बसवायची म्हणता ना यंदा?

बसवायच्या आधी त्या पायरीवर एकदा डोकं टेकवून या. आणि आता टाळ उचला, देवाचं नाव घ्या. जरा बेसूर झालं तरी चालेल, कुणी पुसू नका!