न दिसणारा थर
आटपाट पाथर्डी होती. तिथली, जन्मभर ऊस तोडलेली मी, आणि पुण्यात संशोधन करणारी माझी नात सुनंदा. दिवाळीला ती पेन्सिलीत असतं तसलं काळं शिसं, चिकटपट्टी आणि काचेसारख्या गुळगुळीत चकत्या घेऊन आली. शिशाला पट्टी लावायची, मग चकतीवर दाबून सोडवायची.

"आजे, अणूएवढा एकच थर मागं राह्यला पायजे. दर बारीला फाटतोय. त्याच्यावाचून पीएचडीची पदवी अडलीया."

"हिसका देतीस म्हणून."

कोयत्यानं कापलेल्या बोटावरची पट्टी काढायचे, तशी मी ती आडवी, सावकाश सोडवली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. "आजे, तुझ्या चकतीवर थर घावला. याच्याहून पातळ जगात काय न्हाई."

"दिसतो का गं?"

"नुसत्या डोळ्यानं न्हाई, पर हाय."

मी आपली बोटंच बघत राहिले. त्याच थरावर पोरगी डॉक्टर झाली, आमच्या घरातली पहिली.