क्रुसाच्या टेकडीवरचा नर

ओआहाका शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये एर्मिनियाआजींनी भाजक्या नाकतोड्यांचा पुडा शेजारच्या चष्मेवाल्यापुढे धरला, तसे मागच्या सीटवरच्या, त्यांच्याच गावच्या रेफुखियोने कान टवकारले.

“घे, पोरा.”

“यांच्यावरच माझा अभ्यास आहे, आजी. इकडच्यांना पंखच नाहीत, उडून डोंगर ओलांडता येत नाही, म्हणून डोंगरागणिक जात निराळी.”

“ओळखतोस कशी?”

“नर भिंगाखाली उताणा करायचा आणि... शेपटाशी बघायचं.”

“अगं बाई! आईला ठाऊक आहे हे?”

“नवी जात सापडलीय, पण एकच नर हाती आहे, तेवढ्यावर कुणी मानत नाही. दुसऱ्यासाठी क्रुसाच्या टेकडीवर तीन वर्षं हिंडतोय. माझ्याआधी कुणीतरी सगळे झाडून नेतं!”

“मीच की! पहाटेच जाळं घेऊन जाते.”

“तुम्ही? काय करता त्यांचं?”

“लिंबू-लसूण लावून भाजते. अख्खा पुडा फस्त केलास रे! अजून देऊ?”