कुलपातली मुंबई

न्हाई चाचा, ही लई थोरली. ही पाटलाच्या दाराला शोभंल — आमची खोली ती केवढी, नाचनीच्या कनग्या ठेवायची, दोन मानसं उभी ऱ्हायली की संपली. बारकी दाखवा. आन् वाजनार न्हाई अशी. — व्हय, कडी म्हनल्यावर वाजनारच, मुकी कडी कुठली — पन कमी वाजनारी असंल की एखादी, तेल लावलं की गपचीप सरकनारी? कशापायी म्हंजी — वानरं येत्यात. हिर्डोशीला लई वानरं. दार ढकलून नाचनी खात्यात. — आता वानराला वाजलं काय आन् न वाजलं काय, हे बी खरंच. तुमी लोखंडातली मानसं, लगीच धरता. बसू का जरा? तात्या शेळ्यांच्या बाजारात हायत — हैबतीतात्या, माझं चुलतं, घरातलं कर्तं — बोकडं इकली की हितंच येनार हायत मला घ्यायला. त्येंच्या आधी कडी पिशवीत पडली म्हंजी झालं.

मी एवढा बोलत न्हाई कधी, गावात कुनालाबी इचारा. दुसरीतनं शाळा सुटली आन् शेळ्यांमागं लागलो, शेळ्यांशी बोलायला कितीसं लागतंय. पन तुमी मगा इचारलंत, मुंबईला जाऊन आलास म्हनं रं, बायकूला घिऊन, काय काय बघितलं — सगळीच इचारत्यात, एसटीचा कंडक्टरसुदीक. मी आपलं सांगतो, देवीला गेलो, समुद्र बघितला, रानीच्या बागेत वाघ बघितला. खोटं न्हाई ते. पन ते सगळं नंतरचं. पयल्या दिवशी काय बघितलं ते मातुर कुनाला सांगितलं न्हाई मी.

धाडलं आईनंच. संस्थान खालसा झालं त्या साली माझं लगीन झालं, आन् अजून पाळना हलंना, तर मुंबादेवीची वटी भरून या म्हनली. माझा मावसभाऊ गेनू हाय तिकडं, गिरनीत. त्येनं सांगावा धाडला, या की, खोलीतली बाकीची गडीमानसं जत्रंला गावाकडं गेल्यात, जागा हाय. गेलो. गेनूनं खोलीत दोरी बांधून दिली, दोरीवर लुगडं टाकलं, लुगड्याच्या अल्याड त्यो, पल्याड आमी, आन् गाडीचा शीण एवढा की पडलो तशी झोप. सकाळी उठलो तर गेनू न्हाई. पयल्या पाळीला गेलेला. म्हनलं भाईर जाऊन तोंड धुवावं. दार वडलं — दार येईना. पुन्यांदा वडलं. भाईरनं कुलूप, चाचा. त्येचा हात सवयीचा, रोज खोली रिकामी टाकून जायाचं, कुलूप घालायचं. लुगड्यामागं दोन जीव निजल्यात हे झोपेतल्या मानसाच्या ध्येनात कुठनं ऱ्हानार? आन् आमाला तरी काय ठावं? आमच्यात घराला कुलूप कोन घालतं? कुनी ना कुनी म्हातारं उंबऱ्यावर बसलेलं असतंच.

तुमी म्हनाल, वरडायचं की. तोंड उघडलं हुतं मी. तर ही — घरातली — म्हनली, "वरडू नगा. बाया जमत्याल. म्हनत्याल, ही नवराबायकू दिवसाढवळ्या कोंडून घिऊन बसल्यात." आन् पटलं मला ते. दाराच्या पल्याड हातभरावर बाया धुनं वाळत घालत हुत्या, पोरं धावत हुती, कुनी तरी आमच्याच दाराला टेकून बिडी वडत हुतं — वास येत हुता आत — आन् मी श्वास धरून उभा. कुलूप भाईरनं हाय, ते समद्यांना दिसतंय, मग कोंडून घेतलं असं कोन म्हनंल? हे मला परवा सुचलं, चाचा. शेळ्या पाजताना. तवा सुचायला पायजे हुतं.

घाबरा झालो मी. मी डोंगरातला मानूस, पावसात भिजंन पन छपराखाली दुपार काढवत न्हाई मला. हितं चार भिंती, वर पत्रा, उन्हानं तापलेला, आन् भाईर एवढं मोठं शेहर — नुसता आवाज त्येचा. मी दारापासनं भिंतीपातुर आन् भिंतीपासनं दारापातुर. हिनं गाठोडं सोडलं, भाकरी काढली, ठेचा काढला आन् खिडकीशी बसली. मागल्या बोळात उघडनारी गजांची खिडकी हुती एक. म्हनली, "या हितं. मुंबई बघा."

काय दिसत हुतं म्हनता? घरावर घर, त्येच्यावर आनिक घर. वरच्या बाईनं पानी फेकलं ते खालच्या गड्याच्या डोक्यावर, त्यानं शिव्या दिल्या त्या कुठल्या भाषेतल्या देव जाने, पन कळल्या. बर्फवाला आला, पोरं त्येच्या गाडीमागं हात पसरून. समोरच्या खिडकीत एक म्हातारा दाढी करत हुता, अर्धी करायचा, थांबायचा, भाईर बघायचा, परत साबन लावायचा. आन् बोळाच्या टोकाला दोन भिंतींच्या मधी एवढीशी फट, त्या फटीतनं ट्राम जायाची — अख्खी न्हाई, नुसता मधला तुकडा, दोन-तीन मानसांची तोंडं, की गेली. मी म्हनलं, "फुला, बघ, गेली बघ." नाव गेलं ना तोंडातनं. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा. आमच्या घरात थोरामोठ्यांसमोर नवराबायकूनं बोलायचं न्हाई, आन् थोरलं मानूस नसंल अशी घटका न्हाई. माझा आवाज तिनं शेळ्या हाकताना ऐकलेला, तेवढाच. ती माझ्याकडं बघाया लागली, आन् हसली. मोठ्यानं, चाचा. तोंडाला पदर न लावता. मला ठावंच नव्हतं ती अशी हसती.

मग बोललो. काय बोललो — काहीबी. तिच्या भावाच्या बैलाचं, माझ्या शाळेचं, म्हाताऱ्याच्या दाढीचं. दुपार व्हाया आली तवा ती म्हनली — तुमी कानस थांबवू नका, चालू द्या, आवाज ऱ्हाऊ द्या — ती म्हनली, "एक इचारू का? तुमी बारा म्हैनं शेळ्यांच्या वाडग्यात निजता, मी सासूबाईंच्या कुशीला. वांझ म्हनत्यात मला. पोर काय उंबऱ्यावर येऊन पडतंय व्हय? देवीची वटी भरून देवी काय करंल?"

मी मान खाली घातली. तीच फुडं म्हनली, कनग्यांच्या खोलीला आतनं कडी असती तरी पुरं झालं असतं.

तिसऱ्या पारी गेनू आला, कुलूप काढलं, आमाला बघून कपाळावर हात मारून घेतला. मी भाईर धावलो, म्हनलं सुटलो बाबा. मागं बघितलं तर ही खिडकीशी तशीच बसल्याली, तोंड उतरलेलं. तिला कुनी तरी परत कोंडल्यावानी.

नंतरचं दिवस लई फिरलो. काय बघितलं इचारू नका. भवताली मानसं, बरोबर गेनू, ती मागं, मी फुडं. आन् घरी आल्यावर परत ते — मी वाडग्यात, ती आईच्या कुशीला. देवी पावली का, आई सारखी इचारती. परवा म्हनली, भाटघरच्या अंगाला एक पोरगी हाय, घरानं चांगलं हाय. तात्या बी म्हनले, बघून ठिऊ. माझ्यासमोर म्हनले, चाचा, बोकडाचं बोलनं करावं तसं. आन् मी शेळीच्या पायातला काटा काढत बसलो.

ही तवा म्हायेरी गेल्याली, कामथडीला. तिला कळलंच कुठनं तरी. तिच्या भावाकडनं निरोप आला — त्याला बिचाऱ्याला अर्थ न्हाई कळला, त्यानं आपला जसाच्या तसा सांगितला — कडी लागली तर येते, न्हाई तर दुसरी आना, मी काय परत येत न्हाई. उद्या आनायला जायाचंय. कडी काय, मी आत्ता घिऊन जाईन, लावीन बी. पन लावली की समद्यांना कळनार ना, कशापायी? आई म्हनंल, घरात आमी काय चोर हाय? तात्या म्हनतील, वाडग्यात मग कोन निजनार, बिबट्या? तोंड कुनीकडं लपवू मी? वानराचं सांगितलं असतं, पन नाचनी खायाला वानर आतनं कडी लावून बसत न्हाई, एवढं तर आईला बी —

बारकी हीच ना? बांधा. बिगीनं बांधा, जुन्या कागदात गुंडाळली तरी चालंल. न्हाई, ऱ्हाऊ द्या, तशीच ठेवा — आले ते.

या तात्या. गेली बोकडं? बरं झालं. — ही? कडी हाय. — व्हय, बिबट्या यायला लागलाय, शेजारच्या कोंडिबाचं करडू नेलं की परवा. — व्हय, वाडग्याचं दार लेचंपेचंच हाय, बसंल ही त्याला, चांगली बसं —

न्हाई, तात्या.

न्हाई म्हंजी, वाडग्याला दुसरी घ्या, मोठी. ही कनग्यांच्या खोलीची. कनग्या मी पडवीत काढतो. आन् आजपास्नं मी वाडग्यात निजनार न्हाई. — व्हय, आजपास्नं. बिबट्या येऊ द्या. एक रात तुमी निजा, एक रात गडी लावू, न्हाई तर शेळ्या इकू. भाटघरला बी निरोप धाडा, येत न्हाई म्हनून. — चाचा हायत तर हायत, त्येंच्यापाशी आधी बोललो म्हनून तर तुमच्यासमोर बोलता आलं मला.

चाचा, खिळं टाका संगं आन् द्या हिकडं. मी उद्या न्हाई, आत्ताच जातो कामथडीला, कडी दाखवूनच आनतो तिला. हिर्डोशीची एसटी लागली असंल, तात्या, जागा धरा. आईला सांगा — न्हाई, आईला मी सांगंन. तुमी व्हा फुडं.