आडाजवळची जागा

माझ्या थोरल्या लेकीचं बारसं झालं, त्याच साली लातूर वेगळा जिल्हा झाला. माझी तिथं बदली झाली. खोली बघायला औशाहून एसटीनं निघालो, तर पुढच्या बाकावर किराणा दुकानवाले बसलिंगप्पा आणि त्यांच्या गंगम्मा.

“आज इसार द्यायचाच. नव्या कलेक्टर हापिसाजवळ चार खोल्या बांधू, भाड्यानं देऊ.”

“तितं पानी हाय का?”

“नळ येनार हाय.”

“बहात्तरच्या दुष्काळातबी येनार व्हता. त्यापरीस जुन्या लातुरातली आडाजवळची जागा घ्या.”

“तितून हापीस मैलभर! सायेब चालत जाईल व्हय?”

“सायेब सायकलवर जाईल. पानी त्याची बायको भरनार हाय.”

“आन् आड आटला तर?”

“कठड्याचा दगड बघितला का? दोराच्या खाचा बोटभर खोल हायत. कोरड्या आडावर कोन दोर घासतंय?”

“दुकान मी चालवतो का तू?”

“दुकान तुमीच चालवा. पानी मी भरते.”

मला राहवलं नाही. “मावशी, खोली कधी मिळंल?”

“बघा! भिंत न्हाई, अन् भाडेकरू हजर.”

बसलिंगप्पा वळले. “तुमीच सांगा, हापिसाजवळची पायजे का आडाजवळची?”

“बायकोला इचारून सांगतो.”

“झालं! इसार आडाकडंच गेला म्हना.”

बसलिंगप्पा सत्त्याण्णव साली वारले. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात गंगम्मा गेल्या. त्यांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी आम्ही भाडेकरूंनी त्याच आडातून शेंदलं.